खाटेभोवतीचं रिंगण

आधी नावं सांगते, मग काय झालं ते.

पहिलं नाव शुभदाताईंचं. त्या दिवेआगरला राहतात, मी ज्या घरी स्वयंपाकाला आहे तिथून दोन वाड्या सोडून. दुसरं हिरामावशींचं. मावशी रेवदंड्याच्या, अलिबागच्या ज्या दवाखान्यात मी पडून होते तिथं वॉर्डात आया म्हणून कामाला. आणि तिसरं माझ्या भावाचं, बाबूदादाचं, जो लातूरकडच्या आमच्या गावाहून गाड्या बदलत बदलत आला. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, व्यायाम घेणाऱ्या मॅडमचे उपकार तर आहेतच. इंजेक्शनं आणि व्यायाम नसते तर हे लिहायला मी उरले नसते. पण त्यांचं काम सगळ्यांना दिसतं. या तिघांनी काय केलं ते मी सांगितलं नाही तर कुणालाच कळणार नाही.

लिहायला सांगितलं व्यायामाच्या मॅडमनी. म्हणाल्या, "रेखा, तुझ्यासारखे आणखी येतील, घाबरून जातील. त्यांच्यासाठी लिही."

मी म्हटलं, "मॅडम, मी सातवीतून शाळा सोडलीय."

"मग? आजारी पडायला दहावी पास लागते का?"

म्हणून लिहितेय. पेन धरून, माझ्या हातानं! हात मध्येच दमतो, मग मी त्याला मांडीवर ठेवते, चहा पिते आणि पुन्हा धरते. अक्षराकडं बघू नका.

चप्पल

दिवाळीचे पाहुणे परत गेले होते. मी कामाला आहे त्या घरी चार खोल्या पाहुण्यांना देतात, त्यांचं जेवणखाण माझ्याकडं. त्या दिवशी विहिरीवर पाणी आणायला गेले आणि मागं वळून बघते तर माझी एक चप्पल वाटेत पडलेली. पायातून कधी निसटली ते कळलंच नाही. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तांदळाची भाकरी करताना उकड मळायला घेतली, वाफ निघत होती, आणि बोटांना चटका बसेना. तेव्हा हसू आलं नाही. तिसऱ्या दिवशी विळीवर भाजी चिरायला बसले ती उठलेच नाही.

शुभदाताईंचा दुपारचा डबा मी रोज पोचवायचे. त्या दिवशी डबा गेला नाही म्हणून त्या बघायला आल्या. मी जमिनीवर, भाजी अर्धी चिरलेली.

"रेखा, पाय वर उचल बघू."

"उचललाय की."

"नाही उचललेला."

मी खाली बघितलं. पाय होता तिथंच होता. मी माझ्याकडून पुरता उचलला होता हो!

ताईंनी आणि काकूंनी, म्हणजे माझ्या मालकिणीनं, मला गाडीत घातलं. दिघीला फेरीबोटीवर गाडी चढली, खाडी ओलांडली, मग मुरूड, रेवदंडा आणि अलिबाग. बोटीवर लोक कठड्याला उभं राहून फोटो काढत होते. मी मागच्या सीटवर आडवी आणि डोक्यात एकच घोर, माझ्या खोलीला कुलूप लावलं का? ताईंना चारदा विचारलं. चारही वेळा त्यांनी न चिडता सांगितलं, "लावलं. चावी माझ्या पर्समध्ये आहे."

डॉक्टर काय म्हणाले

आजाराचं नाव परदेशी आहे, माझ्या तोंडात बसत नाही. दवाखान्यात सगळे जीबीएस म्हणतात. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं, की अंगाची राखण करणारी जी फौज असते ती चुकून आपल्याच नसांवर तुटून पडलीय.

मी विचारलं, "हातपाय परत येतील?"

"बहुतेकांचे येतात. हळू येतात. पण आधी आणखी जातील."

हे शेवटचं वाक्य कानात अडकून बसलं. आणखी जातील म्हणजे किती? तेव्हा हात तरी थोडे हलत होते.

मला मरणाची भीती वाटली नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती माघारी जायची होती. नवऱ्यानं सोडल्यावर मी भावाच्या घरी राहिले. दादा चांगला, वहिनीही वाईट नाही. पण त्या घरात माझी अशी एक खुंटीसुद्धा नव्हती. कोकणात मोठं वादळ येऊन गेलं, त्यानंतर दादा इथं पत्रे बसवायच्या कामावर आला, मी त्या लोकांचा स्वयंपाक करायला आले. काम संपलं, दादा परत गेला, मी काकूंकडं राहिले. वाडीच्या मागं एक खोली, एक शेगडी, एक कुलूप. आयुष्यात पहिल्यांदा चावी माझ्या कमरेला! हात परत आले नाहीत तर ती चावी गेली. पुन्हा दादाच्या ओसरीवर, आणि आता तर घाससुद्धा दुसऱ्यानं भरवायचा. मला एवढंच दिसत होतं.

ताईंचं टेबल

आता शुभदाताईंचं सांगते, कारण गावात त्यांच्याबद्दल बरंच काही बोललं जातं.

ताई पन्नाशीच्या. आई गेल्यावर मुंबई सोडून इथं आल्या. कॉम्प्युटरवर भाषांतराचं काम करतात. त्यांच्या घरात पडवीच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल आहे. त्यावर एका वाटीत पाणी, एका वाटीत माती, एक मेणबत्ती, एक घारीचं पीस. पौर्णिमेला त्या तिथं एकट्याच काहीतरी करत बसतात. डबा ठेवताना मी एकदा धीर करून विचारलं.

त्या म्हणाल्या, "मी विक्का मानते. तिकडं इंग्लंडात जुन्या निसर्गपूजेवरून लोकांनी अलीकडं उभा केलेला धर्म आहे. चंद्र, ऋतू, वारा, अग्नी, पाणी, माती. आणि कुणाला इजा करायची नाही ही अट."

"म्हणजे चेटूक?"

"लोक म्हणतात तसं."

"मग तुम्ही खरंच काय करता?"

"मेणबत्ती लावते आणि स्वतःशी खोटं बोलत नाही. तेवढंच जमतं मला. डब्यात आज काय आहे?"

मी हे सगळं विसरूनही गेले होते.

आणि मग अतिदक्षता विभागात मानेखालचं सगळं गेलं. बोट नाही, पाय नाही, कूस बदलता येत नाही. श्वासाचं मशीन बाजूला तयार ठेवलेलं, ते माझी वाट बघत उभं आहे असं वाटायचं. मी सारखी श्वास मोजायचे आणि मोजता मोजता चुकायचे, आणि चुकले की घाबरायचे. भेटायच्या वेळेत ताई तोंडाला मास्क लावून यायच्या. एकदा मी रडत म्हटलं, "ताई, तुमचा तो विधी माझ्यावर करा. काही पण करा."

"मी नाही करणार. तू कर."

"माझं बोट हलत नाही आणि तुम्ही म्हणता तू कर!"

"बोट कुणी मागितलंय? डोळे मीट."

मी मिटले. त्या कानाशी येऊन बोलायला लागल्या. आधी आपल्याभोवती एक वर्तुळ आखायचं, म्हणाल्या. त्याच्या चार दिशांना चार जण बोलवायचे. पूर्वेला वारा. "तुझा वारा कुठला, रेखा? माझा सांगू नकोस, पुस्तकातला नको. तुझा."

मला लगेच सुचलं. मतलई! पहाटे जमिनीकडून समुद्राकडं वाहतो तो गार वारा. कोळी त्याच्यावर होड्या बाहेर काढतात. मी त्याच वेळेला उठून पाणी भरते, तो माझ्या ओल्या हातांना लागतो. आणि तो पूर्वेकडूनच येतो की!

दक्षिणेला अग्नी. मी म्हटलं, काकूंची परसातली आंघोळीच्या पाण्याची चूल, सुक्या झावळ्या घातल्या की भडकते ती. पश्चिमेला पाणी. आता इथं पश्चिमेला दुसरं काय असणार, समुद्र! उत्तरेला माती. ती मी आमच्या गावची घेतली. काळीभोर, पावसाळ्यात पायाला किलोकिलोनं चिकटणारी.

"आता वर्तुळ आखायचं तर त्याच्या कडेनं चालावं लागतं," ताई म्हणाल्या. "चाल."

आणि मी चालले! तुम्हाला कसं सांगू! मानेखाली दगड झालेली बाई दिवेआगरच्या ओल्या वाळूवरून चालली. तळव्यांना वाळूचा गारवा लागला. खेकड्यांनी करून ठेवलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या पायाखाली मोडल्या. मी मतलईपाशी थांबले, चुलीपाशी थांबले, समुद्राशी थांबले, मातीत पाय घोळवले आणि परत फिरून आले. डोळे उघडले तेव्हा माझे श्वास मोजायचे राहून गेले होते आणि तरी ते चालू होते.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या मॅडम माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हलत नसला तरी हलवायचा विचार करत राहा. त्याचा उपयोग होतो." मी मनात म्हटलं, मॅडम, मी तर किनारा पालथा घालून आलेय!

वॉर्ड

श्वासाच्या मशीनची गरज पडली नाही. मला साध्या वॉर्डात आणलं. माझ्यासारखे जे पडून असतील त्यांना सांगते, वॉर्डात घाबरायला वेळच देत नाहीत. पहाटे रक्त, मग अंग पुसणं, मग चहा, राऊंड, व्यायाम, पेज, पुन्हा व्यायाम. लाज पहिल्या आठवड्यात संपते. संपू द्या तिला.

माझ्या खाटेच्या डाव्या बाजूला खिडकी होती, तिला दुधी काच. बाहेरचं काही दिसायचं नाही. पण त्या बाजूनं आवाज यायचा, घोंऽऽ करत वर चढायचा, मग हळूहळू उतरायचा, थांबायचा, पुन्हा घोंऽऽ. लाटांचाच आवाज! अलिबागला समुद्र जवळ, हे मला माहीत होतं. मी खूश. पश्चिम मिळाली, म्हणजे चारही दिशा मिळाल्या. रोज दुपारी जेवणानंतर मी डोळे मिटून रिंगण घालायचे. ताई वर्तुळ म्हणतात, माझ्या तोंडात रिंगणच येतं. डावीकडं समुद्राला हात जोडायचे, मनातल्या मनात. उजवीकडून मतलई बोलवायचे.

ताईंनी सांगितलं होतं, झालं की काहीतरी खायचं, म्हणजे माणूस परत जमिनीवर येतो. त्या येताना वाटेतल्या बोर्लीच्या बाजारातून नानकटाई आणायच्या. ती मला हिरामावशी भरवायच्या.

मावशींनी एक दिवस पकडलंच मला.

"काय गो बाय, रोज दुपारी ओठ हलवतंस? मंतर म्हनतंस काय?"

मी घाबरले. आता ही सगळ्या वॉर्डात सांगणार! पण खोटं सुचेना. म्हटलं, "मावशी, मी मनातल्या मनात समुद्रावर फिरायला जाते."

मावशींनी नानकटाईचा तुकडा माझ्या तोंडात घातला. मग म्हणाल्या, "जा, जा. येताना बोंबील घेऊन ये."

त्यानंतर रोज जेवणाचं ताट उचलताना विचारायच्या, "निघालंस काय फिरायला?" आणि परत आले की, "मिलाले बोंबील?" मी म्हणायचे, "आज भाव जास्त होता."

अशाच एका दुपारी, मी समुद्रापाशी उभी होते, ओंजळीत पाणी घ्यायचं मनात आणलं आणि उजव्या हाताचा अंगठा हलला. खरा! चादरीवरचा!

"मावशी! मावशी!"

"काय झाला?"

"अंगठा बघा!"

मावशी ताट तसंच ठेवून वाकल्या. "हलव पुन्ना."

हलला.

"आगं आये! सिस्टर, या इकडं! हलला हिचा आंगठा!"

सिस्टर आल्या त्या ओरडायलाच आल्या होत्या, हा काय बाजार आहे का म्हणून. मग त्यांनीही वाकून म्हटलं, "मला दाखव." मला सगळ्या वॉर्डानं दाखवायला लावलं. समोरच्या खाटेवरच्या आजी तर चष्मा शोधत होत्या आणि म्हणत होत्या, "थांब, थांब, संपवू नकोस!" एवढ्याशा अंगठ्याला एवढं कौतुक! मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, पुसायला दुसरं काही हलत नव्हतं.

दादा आला

दादाला आधी फोनवर थोडंच सांगितलं होतं, त्याची सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, चालली होती. तो आला तो मला बघून दाराशीच थांबला. मग जवळ येऊन माझ्या पायाला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

दुपारी ताई आल्या तेव्हा मात्र तोंड फिरवून बसला. त्याला दिवेआगरमधून कुणीतरी सांगितलं होतं.

"ताई, तुमी त्या जादूटोण्यातल्या हाव म्हणं. खरंय का?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. ताई म्हणाल्या, "मी माझ्यापुरती पूजा करते. तुमच्या बहिणीला बरं डॉक्टर करताहेत."

"मंग हिला कशाला शिकविलं?"

"तिनं मागितलं म्हणून."

ताई गेल्यावर दादा माझ्याकडं वळला. "हे बघ रेखे, येळवस आलीया. त्याच्या आधी मी तुला घरी नेणार. इथं कोण हाय तुझं? कायबी डोक्यात भरवायलेत."

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात कुणी थांबत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप, पूजा, डाळी-भाज्यांची भज्जी, आंबील. दादानं आजवर कधी ती चुकवली नव्हती.

"दादा, तिकडं व्यायाम कोण घेणार? तालुक्याला पण अशी मॅडम नाही."

"म्या घेतो की. कामून, मला हात न्हाईत?"

"मला माझ्या हातानं खायला येईपर्यंत तरी राहू दे."

"आन् न्हाई आलं मंग?"

अंगठा हलत होता, दोन बोटं थरथरत होती, पण चमचा धरला की पडायचा. दादा वाईट नव्हता हो. त्याला बहिणीला परक्या मुलखात सोडून जायचं नव्हतं. पण त्याच्या गाडीत मी बसले असते तर माझी खोली, माझी चावी, माझे हात, सगळं तिथंच संपलं असतं.

समुद्र भलतीकडंच

त्याच दिवसांत मला पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीत बसवलं. मावशी ढकलायला. म्हणाल्या, "कुटं जायाचा, राणीसाहेब?"

"डावीकडं! समुद्र बघायचाय."

"कनचा समुद्र?"

"हा काय, रोज आवाज येतो तो."

मावशींनी व्हरांड्यातून वळवून खुर्ची मागच्या दारापाशी नेली आणि उभी केली. समोर एक पत्र्याची शेड. आत दोन भलीमोठी धुलाईची मशीनं. त्यात आमच्या चादरी फिरताहेत, घोंऽऽ, मग हळूहळू थांबताहेत, पुन्हा घोंऽऽ.

"ह्यो तुजा समुद्र," मावशी म्हणाल्या. "आनि खरा त्या अंगाला हाय, रस्त्यापल्याड. तुज्या उजव्या हाताला."

इतके दिवस मी धुलाईच्या मशीनला हात जोडत होते! मतलईला समुद्राकडून बोलवत होते, म्हणजे सगळंच उलटं. आमच्याकडं सत्यनारायणाला एक कलश चुकीचा मांडला तर भटजी पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावतात. आणि मी तर चारही दिशा फिरवून ठेवल्या! आता काही उलटं झालं तर? आलेला अंगठा परत गेला तर? मी दर मिनिटाला तो हलवून बघत होते.

ताई संध्याकाळी आल्या. मी रडत रडत सांगितलं. त्या ऐकत होत्या, ओठ दाबून ऐकत होत्या, आणि एकदम फुटल्या. एवढ्या हसल्या की आजींनी विचारलं, "काय झालं? मलाही सांगा."

"ताई, हसू नका! आता दोष लागेल का?"

"अंगठा कुठं हलला?"

"समुद्रापाशी."

"कुठल्या समुद्रापाशी?"

मी डावीकडच्या खिडकीकडं बघितलं.

"रेखा, तू त्या चादरीच्या मशीनमधून समुद्र काढलास. मला इतक्या वर्षांत असं काही जमलं नाही. मी होकायंत्र घेऊन बसते." मग डोळे पुसत म्हणाल्या, "आणि पाणी तर होतंच की गं तिथं."

मावशी मागून म्हणाल्या, "सर्फ पन व्हता."

मलाही हसू फुटलं. आणि हसता हसता माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की पूजा म्हणजे चुकायचं नाही. चुकलीस की संपलीस. शाळेत तसंच, सासरी तसंच. आणि इथं मी पुरती चुकले होते आणि तरी त्या रिंगणात मला धीर मिळाला होता. तो खोटा नव्हता. तो समुद्र मी आणला होता. म्हणजे तो मला कुठंही आणता येईल! मला इतका आनंद झाला की त्या रात्री जेवण गेलं नाही. मी दिशा बदलल्या नाहीत. माझा समुद्र डावीकडंच ठेवला.

येळवस

येळवशीच्या आधी नेतो म्हणालेला दादा येळवशीलाही दवाखान्यातच होता. डॉक्टर सोडायला तयार नव्हते. त्यानं दुसऱ्या दिवसाची गाडी मात्र ठरवून ठेवली होती. सकाळपासून स्टुलावर बसून होता, मोबाईल उघडायचा, बंद करायचा. गावाकडून फोटो येत होते.

"सगळे शेतात गेले आसतील," तो म्हणाला.

मला त्याचं फार वाईट वाटलं. "दादा, डोळे मीट."

"आता मलाबी शिकवायलीस का तुझं ते?"

"माझं नाही. आपल्या शेतात जाऊ. मीट तर खरं."

त्यानं मिटले, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून. मी म्हटलं, पूर्वेच्या बांधावर उभा राहा. काय आहे तिथं? "बाभळ हाय," तो म्हणाला. "वारं हाय. ज्वारी डुलायली." मग कुठं वळायचं? "मंग दक्षिणंला. तिथं चूल मांडलीया, खिचडा शिजायलाय." मग? "मंग हीर. पाणी लई हाय औंदा." मी एक शब्द शिकवला नव्हता. तो आपला आपण बांधावरून फिरत होता. मग एकदम थांबला आणि डोळे उघडले.

"आगं रेखे, हे तर चर शिंपायचं झालं की!"

येळवशीला आमच्याकडं आंबील घेऊन शेताच्या कडेनं फिरतात, पिकावर शिंपडतात, आरोळी देतात. त्याला चर शिंपणं म्हणतात. लहानपणी दादा पुढं आणि मी मागं पळायचे. माझ्याही हे डोक्यात आलं नव्हतं! रोज रिंगण घालत होते आणि आलं नव्हतं!

"हेच शिकविलं का त्या ताईनी?"

"हेच. नावं निराळी."

दादा उठला आणि बाहेर गेला. परत आला तो कॅन्टीनमधून ताकाचा ग्लास घेऊन. आंबील कुठून मिळणार, ताक तर ताक. त्यानं माझ्या खाटेभोवती फिरायला सुरुवात केली आणि बोटांनी ताक शिंपडायला लागला, हळू आवाजात आरोळी देत. आजी हात जोडून बसल्या. आणि मावशी आल्या.

"आरं ए दादा! फरशी तुजा बाप पुसनार काय?"

"येळवस हाय मावशी."

"काय का असंना, पोतेरा माज्या हातात हाय!" असं म्हणून मावशी खाटेच्या पायथ्याशी थांबल्या. "आटप लवकर. सिस्टर यायच्या आत."

दादानं ग्लास माझ्यापुढं धरला. सवयीनं धरला. लहानपणी फिरून झालं की शेवटचं शिंपण तो मला द्यायचा. मग त्याच्या लक्षात आलं आणि हात मागं घ्यायला लागला.

"थांब," मी म्हटलं.

मी हात उचलला. कोपर खाटेवर टेकवून, खांद्यानं ओढत ओढत. बोटं ग्लासात गेली. ताकाचा गारवा लागला! गार आहे हे कळलं! मग मी अंगठा आणि बोटं जवळ आणली आणि झटकली. तीन-चार थेंब उडाले. एक दादाच्या शर्टावर, बाकीचे फरशीवर. मावशी त्या थेंबांकडं बघत राहिल्या, पुसले नाहीत.

दादा स्टुलावर बसला. त्यानं ताईंनी आणलेली नानकटाई पुड्यातून काढली, तोडली, आणि तुकडा माझ्या तोंडाकडं आणता आणता थांबून माझ्या तळहातावर ठेवला. मी तो दोनदा पाडला. तिसऱ्यांदा तोंडात गेला. निम्मा गळ्यावर सांडला, पण निम्मा गेला!

पुडा बांधून ठेवत तो म्हणाला, "गाडी नगं म्हणून सांगतो." मग नाक पुसत, "पण फोन उचलत जा. आन् त्या ताईला सांग, मी तसा न्हाई म्हणावं."

"तूच सांग."

संध्याकाळी त्यानं सांगितलं. चांगलं तीनदा सांगितलं.

आता

आता मी दिवेआगरला माझ्या खोलीत आहे. काठी लागते, डावं पाऊल अजून लोंबतं, त्याला पट्टा बांधते. भाकरी थापते, गोल येत नाही. काकू म्हणतात, पाहुण्यांना सांगते ही खास कोकणी आकाराची आहे. मी लातूरची!

जे पडून आहेत त्यांना सांगते. औषध सोडू नका, व्यायाम तर मुळीच सोडू नका. रिंगणानं नसा जोडल्या असं मी म्हणत नाही, तसं ताईही म्हणत नाहीत. पण अंग बंद पडलं की माणसाला जायला जागा उरत नाही. ती जागा तुमची तुम्ही तयार करा. ताईंची घेऊ नका, माझीही नको. तुमचं शेत, तुमचं दुकान, तुमची शाळा, जे असेल ते. आणि चुकाल म्हणून घाबरू नका.

आणि ताई, हे तुमच्यासाठी. परवा तुमच्या पडवीत बसले होते तेव्हा तुम्ही बोलता बोलता म्हणालात की चार दिशांना खरं तर चार माणसं उभी राहायची असतात, पण तुम्ही इथं आल्यापासून चारही दिशांचं एकट्याच बोलता. आणि किनाऱ्यावर कधीच करत नाही, लोक बघतात म्हणून. तुम्ही हसून सांगितलंत, पण मला ते लागलं. मला अजून वाळूवर तोल सांभाळता येत नाही, दोन पावलांत पडते. पण एक दिवस येईल. तेव्हा एका पौर्णिमेला, सूर्य समुद्रात उतरत असताना आणि चंद्र वाडीमागून वर येत असताना, सगळं गाव फिरायला आलेलं असताना, मी काठी न घेता तुमच्याबरोबर वाळूवर येईन आणि तुमच्या वर्तुळात उत्तरेला उभी राहीन. कुणी विचारलं ही कोण, तर माझं नाव मी मोठ्यानं सांगेन.